कराच्या दृष्टीने आपण राहतो कुठे?



तत्त्वज्ञानाच्या माणसाने आयकरावर काय बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. रास्त आहे. विवरणपत्र कसं भरायचं, हे आपण आपल्या सीएलाच विचारावं. पण त्या विवरणपत्रात अगदी सुरुवातीला एक रकाना असतो: आपण निवासी की अनिवासी? हा प्रश्न मात्र आमच्या प्रांतातला आहे. माणूस ‘राहतो’ म्हणजे नेमकं काय? शरीर जिथे असतं तिथे तो राहतो, की मन जिथे असतं तिथे? की त्याचं घर, बायकामुलं, बँकेचं खातं जिथे आहे तिथे? जगातल्या सरकारांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि त्या उत्तरांवर लाखो रुपये इकडचे तिकडे होतात.

आधी एक घोटाळा दूर करू. आपण बोलताना ‘एनआरआय’ हा एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली नागरिकत्व, म्हणजे पासपोर्ट कुठला. दुसरी परकीय चलनाच्या कायद्यातलं, म्हणजे फेमातलं वास्तव्य. तिथे माणूस कशासाठी गेला किंवा आला, हा हेतू विचारात घेतात. तिसरी आयकरातलं वास्तव्य. तिथे मुख्यतः दिवस मोजतात आणि दरवर्षी नव्याने मोजतात. त्यामुळे एकच माणूस एकाच वर्षी फेमाच्या दृष्टीने अनिवासी आणि आयकराच्या दृष्टीने निवासी असू शकतो. त्यात विरोधाभास नाही. दोन कायदे दोन वेगळे प्रश्न विचारतात, एवढंच.

आता, फरक पडतो तो कसा? भारतात निवासी ठरलात तर तुमच्या साऱ्या जगातल्या उत्पन्नावर इथे कर. अनिवासी ठरलात तर फक्त इथे मिळालेल्या किंवा इथे उपजलेल्या उत्पन्नावर. यामागचा विचार जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर एकाच उत्पन्नावर दोन-दोन देश कर मागू लागले, तेव्हा राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना त्याचा विचार करायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९२३ साली आला. त्या चौघांत लुइजी एनाउदी होते, जे पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी मांडलेली कल्पना अशी: माणसाची राजकीय निष्ठा एका देशाशी असेल, पण त्याची आर्थिक निष्ठा वाटलेली असते. संपत्ती एकीकडे निर्माण होते, दुसरीकडे ठेवली जाते, तिसरीकडे खर्च होते. म्हणून प्रत्येकाचा वाटा ठरवावा लागतो. आजचा सगळा आंतरराष्ट्रीय करव्यवहार या विचाराच्या पायावर उभा आहे.

तर भारताची मोजपट्टी बघू. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलात, तर निवासी. दुसरी कसोटी: त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. पण नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला जाण्याच्या वर्षी ६० च्या जागी १८२ ची सवलत आहे. म्हणजे बघा, एप्रिलपासून मोजत गेलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात आणि २९ ला १८२. नोकरीसाठी निघणाऱ्याचं विमान त्या आठवड्यात एक-दोन दिवस पुढेमागे झालं, तर सबंध वर्षाचा करदर्जा बदलू शकतो. परदेशात राहून इथे भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकालाही १८२ दिवसांचीच मुभा असते. पण २०२० पासून, ज्याचं परदेशी उत्पन्न वगळता उरलेलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे, त्याच्यासाठी ती मर्यादा १२० वर आली आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो. त्यातही या कसोट्यांचा गाभा तोच आहे.

कोकणातली आणि गोव्यातली जी मुलं जहाजावर जातात, त्यांच्या घरी हे गणित तोंडपाठ असतं. अनिवासी राहायचं तर वर्षात किमान १८४ दिवस बाहेर भरले पाहिजेत. त्याचा पुरावा म्हणजे सीडीसीवरच्या चढल्या-उतरल्याच्या तारखा. करार लवकर संपला, पुढचं जहाज मिळायला उशीर झाला, की दिवस कमी पडतात. यात त्या मुलाचा हेतू बदललेला नसतो. बदललेलं असतं फक्त कॅलेंडर.

मग असा प्रश्न येतो की, दिवस मोजणं ही न्याय्य पद्धत आहे का? आमचं उत्तर असं: ती ढोबळ आहे, पण प्रामाणिक माणसाला तिचाच आधार आहे. हेतू सिद्ध करायला वकील लागतो. दिवस सिद्ध करायला पासपोर्टवरचे शिक्के पुरतात.

अर्थात दिवस म्हणजे काय, यावरही एकमत नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे मध्यरात्री तुम्ही देशात होतात का, ते पाहतात. अमेरिकेत, काही अपवाद सोडले तर, दिवसातला थोडा वेळ असलात तरी पूर्ण दिवस धरतात. आणि मनाविरुद्ध घडलेल्या मुक्कामाचं काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे कितीतरी पाहुणे इथेच अडकले. २२ मार्चच्या आधी आलेल्या आणि ३१ मार्चपर्यंत जाऊ न शकलेल्यांचे ते दिवस मोजू नयेत, असं प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सांगितलं. पुढच्या आर्थिक वर्षासाठी मात्र तशी सरसकट सूट दिली नाही. म्हणजे दिवसांच्या गणितातही माणसाची इच्छा कुठेतरी डोकावतेच.

ती उलट बाजूनेही डोकावते. रॉबर्ट गेन्स-कूपर या ब्रिटिश उद्योजकाचं म्हणणं होतं की, आपण १९७६ पासून सेशेल्सचे रहिवासी आहोत आणि ब्रिटनमधले आपले दिवस मर्यादेच्या आत आहेत. प्रकरण २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ते हरले. नुसते दिवस कमी भरून चालत नाही, जुन्या आयुष्याशी नातं खरोखर तुटलेलं असावं लागतं, आणि इंग्लंडमधलं घर, कुटुंब हे धागे तसेच होते. २०१३ पासून ब्रिटनने नियमच लिहून काढला: दिवस आणि धागे दोन्ही मोजायचे. जितके धागे जास्त, तितके दिवस कमी.

आता समजा, दोन्ही देशांनी तुम्हाला आपलाच निवासी म्हटलं. अशा वेळी त्या दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल, तर त्यात बहुधा एक उतरंड असते. कायमचं घर कुठे? दोन्हीकडे असेल तर जिव्हाळ्याच्या संबंधांचं केंद्र कुठे? तेही ठरत नसेल तर नेहमीचा मुक्काम कुठे? मग नागरिकत्व. आणि शेवटी दोन्ही सरकारांनी आपसात बसून ठरवायचं. बघा, पासपोर्ट चौथ्या क्रमांकावर आहे! घर पहिलं आणि जिव्हाळा दुसरा.

अमेरिकेची रीत याहून निराळी. तिथला नागरिक जगात कुठेही राहो, त्याने अमेरिकेच्या करखात्याला हिशेब द्यायचाच. निवृत्त होऊन पुण्यात परतलेल्या, पण अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या जोडप्याला त्यामुळे दोन्हीकडे विवरणपत्र भरावं लागतं. एकीकडे भरलेल्या कराचं श्रेय दुसरीकडे मिळतं, पण ते मागावं लागतं, आपोआप पदरात पडत नाही.

आणि कोणत्याच देशाचा निवासी नसलेला? श्रीमंत माणूस दिवस असे वाटू शकतो की कुठल्याच देशाची मर्यादा ओलांडली जात नाही. त्यावर भारताने २०२० साली ‘मानीव निवासी’ ही तरतूद आणली. भारतीय नागरिक, परदेशी उत्पन्न सोडून १५ लाखांवर उत्पन्न, आणि दुसऱ्या कुठल्याही देशात वास्तव्यामुळे करपात्र नाही, तर तो भारताचा निवासी मानला जाईल. आखातातल्या आपल्या लोकांत तेव्हा मोठी घबराट झाली, कारण अमिरातीत पगारावर आयकरच नाही. पण असा माणूस ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’ या मधल्या वर्गात येतो आणि तिथल्या नोकरीच्या पगारावर इथे कर लागत नाही.

माणसाचं हे असं. कंपनीला तर शरीरच नाही, मग ती राहते कुठे? १८७६ साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे कलकत्ता ज्यूट मिल्सचा खटला आला. गिरणी बंगालात, ताग बंगालचा, मजूर तिथलेच. पण संचालक मंडळ लंडनमध्ये बसायचं. न्यायालय म्हणालं, कंपनी इंग्लंडची निवासी. १९०६ साली डी बिअर्सच्या बाबतीत तेच झालं: हिऱ्यांच्या खाणी दक्षिण आफ्रिकेत, नोंदणी तिथली, पण खरं नियंत्रण लंडनमधून. म्हणजे कंपनीचं घर तिच्या हातापायांत नाही, डोक्यात आहे. घाम एका देशाने गाळायचा आणि कराचा मोठा हक्क दुसऱ्याने सांगायचा, ही वसाहतीच्या काळातली सोय त्यात दडलेली होती, हेही विसरू नये.

आज भारत तोच न्याय उलट्या दिशेने लावतो. इथे नोंदलेली कंपनी सदैव निवासी. परदेशात नोंदलेली कंपनीसुद्धा, तिचे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात भारतात होत असतील, तर आर्थिक वर्ष २०१६-१७ पासून भारताची निवासी ठरू शकते. सिंगापूरला कंपनी काढायची आणि सगळे निर्णय बाणेरच्या कार्यालयात घ्यायचे, तर हा धोका आहे. ठराव कुठे टाइप झाला हे दुय्यम. तो खरोखर कुणी आणि कुठे बसून केला, हे पाहतात.

याची झळ बसते ती बहुधा साध्या माणसाला. परदेशी कंपनीचे शेअर बक्षीस म्हणून मिळालेला पुण्यातला अभियंता, किंवा परतल्यावर तिकडचं जुनं खातं विसरलेला गृहस्थ. सामान्य निवासी झालात की परदेशातली मालमत्ता विवरणपत्राच्या तक्त्यात दाखवावीच लागते, तिच्यावर एक रुपया उत्पन्न नसलं तरी. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून, एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याची जबाबदारी सुटलेली नाही. परतणाऱ्यांना एक दिलासा असतो. आधीच्या दहा वर्षांतली नऊ वर्षं अनिवासी, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस, असं असेल तर सुरुवातीची काही वर्षं मधल्या वर्गात जातात. तो काळ हिशेब नीट लावण्यासाठी वापरावा.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. ‘मी एनआरआय आहे’ हे वाक्य जन्मभराचं नसतं, त्या त्या वर्षापुरतं असतं. दरवर्षी मार्चअखेर आपले दिवस मोजावेत, तिकिटं आणि पासपोर्टच्या प्रती जपाव्यात, आणि ज्या देशात आपण राहिलो तिथले नियम स्वतंत्रपणे पाहावेत. आणि कर वाचवण्यासाठी दिवसांची जुळवाजुळव करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. ज्या गावचा रस्ता, जिथलं पाणी, जिथलं रुग्णालय आपण वापरतो, त्याचा आपल्यावर काही हक्क आहे की नाही? कायद्याला दिवसांपलीकडे फारसं पाहता येत नाही. आपल्याला येतं.