बेडूक गप्प झाले तेव्हा...

पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलमागच्या डबक्यात रात्रभर डराव डराव चालू असतं. सबमिशनच्या रात्री मी त्या बेडकांना भरपूर शिव्या घातल्यात! पण कॅरन लिप्स या अमेरिकन संशोधिकेच्या कामाबद्दल वाचलं आणि माझं मतच बदललं.

१९९० च्या दशकात लिप्सबाई कोस्टा रिकाच्या डोंगराळ जंगलात बेडकांचा अभ्यास करत होत्या. बघता बघता तिथले बहुतेक बेडूक नाहीसे झाले. पुढे १९९६-९७ मध्ये पनामातल्या फोर्टुना इथे त्यांना ओढ्याकाठी मेलेले बेडूक सापडले. जंगल तर शाबूत होतं. मग बेडूक मेले कशाने?

गुन्हेगार निघाली कायट्रिड नावाची बुरशी. बेडूक पाणी आणि क्षार त्वचेतून घेतो. ही बुरशी नेमकी त्वचेतच वाढते. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम कमी होतं आणि शेवटी हृदय थांबतं. आपल्या भाषेत सांगायचं तर इलेक्ट्रोलाइट गेलं, बॅटरी बंद!

साथ पूर्वेकडे सरकतेय हे लिप्सबाईंनी ओळखलं. म्हणून ती पोचायच्या आधीच पनामातल्या एल कोपे इथे त्यांनी मोजणी सुरू केली. २००४ च्या अखेरीस बुरशी तिथे आली आणि काही महिन्यांतच बेडकांचा खच पडला. अंदाज खरा ठरला, पण असा अंदाज खरा ठरल्याचा आनंद कुणाला होणार?

तरीही ती मेहनत फुकट गेली नाही. कारण हाताशी 'आधीचं रीडिंग' होतं. आपण प्रॅक्टिकलला ज्याचा कंटाळा करतो तेच! त्यामुळेच बेडकांमागोमाग सापांच्याही जाती रोडावल्या, हे २०२० मध्ये दाखवता आलं. बेडूक हेच कित्येक सापांचं जेवण. मेसच बंद झाली तर काय होणार? २०२२ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, बेडूक घटल्यावर कोस्टा रिका आणि पनामात मलेरिया वाढल्याचं दिसलं. बेडूक आणि त्यांची पिल्लं डासांवर ताव मारतात, हे आपण विसरतोच. २०१९ च्या जागतिक आढाव्यानुसार या बुरशीमुळे किमान ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं.

मित्रांनो, ही बुरशी आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही आढळली आहे. तेव्हा एका जंगलातून दुसरीकडे ट्रेकला जाताना बुटांचा चिखल धुऊन ते खडखडीत वाळवा. बेडूक उचलून दुसऱ्या ओढ्यात सोडू नका.

आणि आज रात्री डराव डराव ऐकू आलं तर खिडकी आपटू नका. सगळं ठीक चालल्याचं ते रीडिंग आहे!