पसरलेल्या गाठीची आधी जात विचारा

लाळग्रंथीचा कर्करोग फुप्फुसात किंवा हाडांत पसरल्याचे कळले की घरचे एकतर धीर सोडतात, नाहीतर लगेच केमो सुरू करा म्हणून मागे लागतात. या दोन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: गाठ नेमकी कोणत्या प्रकारची? लाळग्रंथीच्या कर्करोगाचे वीसहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांचे वागणे एकमेकांशी जुळत नाही. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा मज्जातंतूंच्या कडेने सरकतो, ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी फुप्फुसात दिसतो आणि तिथेही बऱ्याचदा संथ वाढतो. नेहमीच्या केमोचा त्यावर फारसा प्रभाव पडत नाही. म्हणून त्रास नसलेल्या रुग्णाला ठरावीक अंतराने स्कॅन करून नजरेखाली ठेवणे ही हयगय नव्हे, तो विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो. गाठ वेगाने वाढू लागली किंवा दुखू लागली, की औषधे आणि शेक (रेडिएशन) यांचा विचार करता येतो.

सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा मात्र आक्रमक. तिथे थांबून चालत नाही. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश गाठींवर हर-टू हे प्रथिन जास्त प्रमाणात असते, तर बहुतेकींत अँड्रोजेन रिसेप्टर सापडतो. जपानमधील डॉक्टरांनी हर-टू असलेल्या अशा ५७ रुग्णांना हर-टूला रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब आणि केमोचे औषध डोसिटॅक्सेल एकत्र दिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ७० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. सिक्रेटरी कार्सिनोमात एनटीआरके जनुकाची जोडणी सापडली, तर लॅरोट्रेक्टिनिब हे औषध उपयोगी पडते. अमेरिकेने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

हे सारे मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांसाठी, वैरागच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, हा आक्षेप रास्त आहे. लॅरोट्रेक्टिनिब खरोखरच महाग आहे. पण ट्रॅस्टुझुमॅब स्तनाच्या कर्करोगासाठी आणि अँड्रोजेन रोखणारी औषधे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आपल्याकडे रोज वापरली जातात, ट्रॅस्टुझुमॅब तर भारतातही बनते. हर-टू आणि अँड्रोजेन रिसेप्टरची तपासणी बायोप्सीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यावर, म्हणजे ब्लॉकवरच होऊ शकते. त्यासाठी दर वेळी रुग्णाला मुंबई गाठावी लागत नाही, ब्लॉक पाठवता येतो. वैराग ज्या तालुक्यात येते, त्या बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांसह झालेल्या गर्भाशयमुख तपासणीच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये जगाने वाचले. काटेकोर कर्करोगशास्त्र खेड्यात चालत नाही, या समजाला तेव्हाच उत्तर मिळाले आहे. नेमक्या तपासणीने प्रत्येकाला औषध सापडेल असे नाही आणि सापडले तरी पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तरीही ब्लॉक तपासल्याशिवाय केमो सुरू करणे म्हणजे रुग्णाचे बळ आणि घरचा पैसा अंदाजावर घालवणे. म्हणून पॅथॉलॉजीच्या अहवालात प्रकार, हर-टू आणि अँड्रोजेन रिसेप्टर लिहिले आहेत का, हे नातेवाइकांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे.