सुटकेनंतरचा तुरुंग

तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये यासाठी सिंगापूरने गेल्या पंचवीस वर्षांत जी व्यवस्था उभी केली, ती ‘यलो रिबन’ या नावाने ओळखली जाते. तुरुंगातून परतणाऱ्याला घरात जागा आहे की नाही हे सांगणाऱ्या पिवळ्या फितीचे एक इंग्रजी गाणे १९७३ साली गाजले होते, त्यावरून हे नाव आले. अमली पदार्थांसाठी फाशी आणि अनेक गुन्ह्यांसाठी फटक्यांची शिक्षा देणारे हे शहर आहे. तिथला कायदा मऊ पडलेला नाही. शिक्षा भोगून झाल्यावर त्या माणसाचे काय करायचे, एवढाच प्रश्न तिथे नव्याने विचारला गेला.

हा प्रश्न सिंगापूरच्या इतिहासात जुनाच आहे. १८२५च्या एप्रिलमध्ये बेंकूलेनच्या ब्रिटिश वसाहतीतून हिंदुस्थानी कैद्यांच्या पहिल्या तुकड्या सिंगापूरला उतरल्या. हे कैदी मद्रास आणि बंगालकडचे होते. पुढे मुंबई इलाख्यातूनही माणसे काळ्या पाण्यावर तिकडे गेली. रस्ते, दलदलीतले भराव, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि आज ‘इस्ताना’ म्हणून ओळखला जाणारा राष्ट्राध्यक्षांचा वाडा या कैद्यांच्या हातांनी उभा राहिला. त्यांच्यात वर्तणुकीनुसार वर्ग असत. वरच्या वर्गातल्या कैद्याला तुरुंगाबाहेर राहून कमावून खाण्याचा परवाना मिळे आणि पहाऱ्याचे कामही बहुतांशी कैद्यांवरच सोपवलेले असे. १८७३ साली ही कैद्यांची वसाहत बंद झाली. उरलेल्या कैद्यांना अंदमानात हलवले आणि मुदत संपलेले अनेकजण सिंगापुरातच गाडी हाकत, गुरे पाळत राहिले. विश्वास टाकला तर माणूस त्याला जागू शकतो, याचा एवढा मोठा पुरावा त्या शहराच्या पायातच आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ वसवलेले कैद्यांचे स्वतंत्रपूर आठवेल. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच खुली वसाहत होती.

आधुनिक व्यवस्थेची सुरुवात मात्र अडचणीतून झाली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तुरुंग खचाखच भरले होते, कर्मचारी अपुरे होते, आणि १९९८ साली सुटलेल्यांपैकी ४४.४ टक्के माणसे दोन वर्षांच्या आत पुन्हा आत आली. त्याच सुमारास तुरुंग विभागाचे प्रमुख झालेले चुआ चिन किआत यांनी कर्मचाऱ्यांपुढे नवे ध्येय ठेवले: कैद्यांवर नुसता पहारा ठेवायचा नाही, त्यांच्या आयुष्याला दिशा द्यायची. २००० साली सरकारी खाती आणि सेवाभावी संस्था एकत्र येऊन ‘केअर नेटवर्क’ तयार झाले. त्यातून २००४ साली यलो रिबन मोहीम उभी राहिली.

सिंगापूरच्या चांगी तुरुंगातली राहणी कडक आहे. सिमेंटच्या जमिनीवर चटई, पंखा नाही, एका कोठडीत अनेकजण, आणि कामावर किंवा वर्गात नसलेल्याचा दिवसाचा बहुतेक वेळ बंद दाराआड. सुटून आलेली माणसे जाहीरपणे बोलतात तेव्हा या कोठडीबद्दल फारशी तक्रार करत नाहीत. आईच्या किंवा वडिलांच्या अंत्यविधीला जाता आले नाही, भेटीच्या वेळी काचेपलीकडचे मूल आपल्याला ओळखेना, बायकोने एकटीने घर ओढले, हे ती पुन्हा पुन्हा सांगतात. पश्चात्ताप असा ठरावीक माणसाच्या नावाने येतो. ‘मी वाईट वागलो’ हे कोणीही म्हणू शकतो. कोणाचे काय नुकसान केले हे सांगता येऊ लागते, तेव्हा काहीतरी हललेले असते. समुपदेशनाच्या वर्गांत नेमके हेच करून घेतले जाते: गुन्ह्याच्या आधीचा दिवस, सोबतचे मित्र, मनात आलेला विचार, घेतलेला निर्णय हे सगळे क्रमाने मांडायचे.

पश्चात्तापाला हाताशी काम लागते. कैद्यांच्या रोजगारासाठी १९७६ साली स्थापन झालेले मंडळ २०२० पासून ‘यलो रिबन सिंगापूर’ या नावाने चालते. तुरुंगातच बेकरी, कपड्यांची मोठी धुलाई आणि महिला विभागातले कॉल सेंटर आहे. तुरुंगातल्या शाळेतून परीक्षाही देता येतात. डॅरेन टॅन टोळी आणि अमली पदार्थ यांत अडकून तरुणपणाची दहाहून अधिक वर्षे आत होते. त्यांनी तिथेच अभ्यास केला, पुढे नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमधून कायद्याची पदवी घेतली आणि ते वकील झाले. असे उदाहरण अपवादच, पण ते घडू शकते एवढे त्याने सिद्ध झाले.

खरी कसोटी दाराबाहेर असते. साधारणपणे शिक्षेचा दोन तृतीयांश भाग भोगल्यावर सुटका होते. उरलेल्या काळात नवा गुन्हा केला तर ती शिल्लक शिक्षाही भोगावी लागू शकते, असा नियम २०१४ साली आला. काहींच्या शिक्षेचा शेवटचा टप्पा हाफवे हाउसमध्ये, म्हणजे तुरुंग आणि घर यांच्या मधल्या निवासात, जातो. हिंदू एंडोमेंट्स बोर्डाने चालवलेला ‘आश्रम’ हे त्यांपैकीच एक. तिथला माणूस सकाळी कामावर जातो, ठरल्या वेळी परततो. काहींच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा असतो. अमली पदार्थांच्या प्रकरणातून सुटलेल्याला ठरल्या दिवशी केंद्रावर जाऊन लघवीचा नमुना द्यावा लागतो आणि त्यासाठी साहेबाकडे वेळ मागावी लागते. नोकरी नवी असते, रजा साठलेली नसते; कारण सांगावे तर भूतकाळ उघडा पडतो, न सांगावे तर हजेरी बुडते. म्हणून वस्तुस्थिती आधीच माहीत असलेला मालक शोधून देणे हे या मोहिमेचे सर्वांत उपयोगी काम आहे.

मोहिमेच्या प्रचारात समाजाच्या नजरेला ‘दुसरा तुरुंग’ म्हटले आहे. बेनी से टिओ यांनी तो अनुभवला. व्यसन आणि तुरुंगवासानंतर काम मागायला गेले की नकार मिळे. २००७ साली त्यांनी ‘एटीन शेफ्स’ हे उपाहारगृह काढले आणि स्वयंपाकघरात आपल्यासारख्याच सुटलेल्यांना घेतले. काहींच्या अंगावर टोळीच्या खुणा गोंदलेल्या असतात. त्या काढून टाकायलाही आज मदत मिळते. २००५च्या कायदादुरुस्तीने किरकोळ गुन्ह्यांची नोंद, म्हणजे तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन हजार सिंगापूर डॉलरपर्यंतचा दंड, पाच वर्षे निर्दोष वागल्यास बाद समजली जाते. मोठ्या गुन्ह्यांची नोंद अशी आपोआप बाद होत नाही. सर्वांत जास्त गरज असलेल्यांची पाटी त्यामुळे सहज कोरी होत नाही, ही या व्यवस्थेतली ठळक उणीव आहे.

नोकरीनंतर घर हा सुटलेल्या माणसाचा दुसरा आधार. स्थानिक स्वयंसेवक कैद्याच्या कुटुंबाला जाऊन भेटतात. मुलांची शाळा आणि घरभाडे यांची चौकशी करतात, कुठे मदत मिळेल ते सांगतात. आतल्या माणसाला घरची काळजी कमी झाली की सुटकेनंतर झटपट पैशाच्या मागे लागण्याचे एक कारण कमी होते.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२० साली सुटलेल्यांपैकी दोन वर्षांत परत आलेले २०.४ टक्के होते, म्हणजे १९९८च्या तुलनेत निम्म्याहून कमी. पण मोजणी पाच वर्षांपर्यंत नेली की प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. देखरेख संपते, जुने मित्र भेटतात, व्यसन उसळी घेते. म्हणूनच आता सुटून स्थिरावलेल्या माणसांनीच नव्याने सुटलेल्यांना धरून ठेवावे यावर भर दिला जातो. पहिल्या दोन वर्षांचे काम सिंगापूरने चांगले केले आहे. तिसऱ्या ते पाचव्या वर्षाचे काम अजून बाकी आहे, आणि ते तुरुंग विभागापेक्षा मालक, शेजारी आणि नातेवाईक यांच्याच हातात जास्त आहे.