हेड न उतरवता व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्याची रीत

भाषेच्या प्राध्यापकाने इंजिनाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या कार्यशाळा-शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांचा आग्रह असे की, हातचे काम शब्दांत नेमके सांगता आले तरच ते समजले असे मानावे. त्या कसोटीला उतरण्याचा हा प्रयत्न आहे.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असता प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. उघडण्याचे काम कॅमचे, मिटवण्याचे स्प्रिंगचे. ती थकली वा मोडली की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही व इंजिन झटके देऊ लागते. एवढ्यासाठी सबंध हेड उतरवले, तर गॅस्केट नवे घालणे, पाणी काढणे-भरणे, बोल्ट पुन्हा ठरल्या ताणाने आवळणे हे सारे ओघानेच आले. ते टाळता येते. अडचण एकच : स्प्रिंग काढताच व्हॉल्व्हला धरून ठेवणारे काही उरत नाही. तो सिलिंडरमध्ये पडला, तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून सारी युक्ती त्याला खालून आधार देण्यात आहे.

तत्पूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. व्हॉल्व्हच जळला वा वाकला असेल, तर नवी स्प्रिंग निरुपयोगी. कंप्रेशन मोजून ही शंका आधीच फेडावी. दुसरे, इंजिनाची रचना. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनात रॉकर शाफ्टचे काही नट हेडलाही आवळून धरतात. ते सैल केले की गॅस्केटची पकड सुटते; तेथे या रीतीचा लाभ उरत नाही.

आधार दोन प्रकारचा. पहिला हवेचा. कंप्रेशन स्ट्रोकच्या अखेरीस पिस्टन वरच्या टोकाला आणावा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. प्लगच्या भोकात नळी जोडून चौरस इंचास ८० ते १०० पौंड दाबाची हवा सोडावी व ती काम संपेपर्यंत चालू ठेवावी. पिस्टन टोकापासून किंचित ढळला, तरी हीच हवा क्रँक फिरवते. म्हणून क्रँकवरचा पाना आधी काढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा. कॉम्प्रेसर नसेल तेथे दुसरा, दोरीचा. त्याच स्ट्रोकमध्ये पिस्टन थोडा खाली असताना नायलॉनची स्वच्छ दोरी प्लगच्या भोकातून आत सारावी, एक टोक बाहेर राखावे आणि क्रँक हाताने हलकेच फिरवून दोरी व्हॉल्व्हांना टेकवावी.

आता रॉकर दूर करून तेलाची भोके फडक्याने बुजवावीत. स्प्रिंगवरच्या टोपीवर हलका ठोका दिला की चिकटलेले कॉटर सुटतात. स्प्रिंग दाबून कॉटरचे दोन्ही अर्धुके चुंबकाने उचलावेत. ऑइल सील याच वेळी बदलावे. नव्या स्प्रिंगचे वेढे एका बाजूस दाट असतील, तर ती बाजू हेडकडे ठेवावी. कॉटर ग्रीसने चिकटवून स्प्रिंग सावकाश सोडावी आणि दोन्ही अर्धुके खाचेत बसल्याची खात्री करावी. त्यानंतरच हवा बंद करावी. दोरी असल्यास क्रँक थोडा मागे फिरवून ती बाहेर ओढावी.

शेवटी फडकी काढावीत, रॉकर बसवून टॅपेटचे अंतर जुळवावे आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. तो कोठेही अडला नाही, तरच किल्लीला हात लावावा.