किलो, वॅट आणि खर्ज

गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर ही दोन स्वतंत्र साधने मानावीत की दोन्ही मिळून एकच वाद्य, हा प्रश्न जॅझच्या क्षेत्रात गिब्सन कंपनीने १९३६ सालीच जवळजवळ निकालात काढला होता, कारण त्या वर्षी बाजारात आणलेल्या ईएस-१५० या विद्युत गिटारबरोबर ईएच-१५० नावाचा अ‍ॅम्प्लिफायर जोडीनेच विकला जाई आणि नावातील दीडशे हा आकडा त्या जोडीच्या डॉलरमधील किमतीशी मिळताजुळता होता. तोवर मोठ्या वाद्यवृंदात गिटारचे काम तालाला धरून कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, देत राहण्यापुरते होते. काउंट बेसीच्या वृंदातील फ्रेडी ग्रीन याने तर हेच काम वर्षानुवर्षे करून त्याला कलेचा दर्जा मिळवून दिला. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या मेळ्यात आला आणि १९४२ मध्ये पंचविशीतच वारला, परंतु त्या अल्पकाळात त्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या बळावर गिटारला सॅक्सोफोनसारखी एकेरी, सलग स्वरावली मांडण्याचे सामर्थ्य दिले. तेव्हापासून जॅझ गिटारवादकाच्या एका हातात वाद्याची पेटी असेल तर दुसऱ्या हातात आवाजाची पेटी असणे अपरिहार्य झाले, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत ही दुसरी पेटी आधी अतिशय जड आणि मग अतिशय हलकी कशी होत गेली, हा या वाद्यप्रकाराच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

जडपणाचे मूळ लोखंडात होते. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत तांबूस उजळणाऱ्या काचनळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर चालवण्यास काही शे व्होल्टचा दाब लागतो आणि तो पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, शिवाय व्हॉल्व्हची शक्ती स्पीकरला मानवेल अशा रूपात बदलून देणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर, असे लोखंडी पत्र्यांचे आणि तांब्याच्या तारेचे दोन गठ्ठे त्यात अटळ असतात. फेंडर कंपनीने १९६३ मध्ये आणलेला ट्विन रिव्हर्ब हा ८५ वॅटचा, १२ इंची दोन स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर या घराण्याचा नमुना म्हणता येईल. त्याचे वजन सुमारे २९ किलो भरते, आणि तरीही कित्येक जॅझवादकांनी तो जिन्यावरून चढवला-उतरवला. असे कष्ट घेण्यामागे हौस नव्हती, तर जॅझच्या स्वररचनेतून येणारी एक गरज होती. अ‍ॅम्प्लिफायरवर त्याच्या कुवतीबाहेर भार आला की ध्वनितरंगांचे शेंडे कापले जातात, त्याला विरूपण म्हणतात, आणि विरूपणात मूळ स्वरांखेरीज त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही उमटू लागतात. सेकंदाला ४४० आणि ४९४ कंपनांचे दोन लगतचे स्वर असे एकत्र चिरडले गेले, तर त्यांतून ५४ कंपनांचा एक स्वर निघतो, जो गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या ८२ कंपनांपेक्षाही खाली आहे आणि ज्याचा तिथल्या हार्मनीशी काही संबंध नाही. रॉकमधील दोन-तीन स्वरांच्या सोप्या कॉर्डला हे फुगणे शोभते. जॅझमधील नववा किंवा तेरावा स्वर मिसळलेल्या दाट कॉर्डचा मात्र त्याने चिखल होतो. म्हणून जॅझवादक नेहमी गरजेपेक्षा जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तो निम्म्या आवाजावर वाजवतो, आणि त्या न वापरलेल्या निम्म्या ताकदीचे वजन खांद्यावर वाहतो.

व्हॉल्व्ह गेले आणि ट्रान्झिस्टर आले म्हणजे हे ओझे आपोआप उतरले, अशी समजूत आढळते, पण ती पुरती खरी नाही. स्पीकरजवळचा ट्रान्सफॉर्मर गेला हे खरे. वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचे जाड चुंबक आणि भक्कम लाकडी खोका मात्र तसेच राहिले. रोलंड या जपानी कंपनीचा १९७५ सालचा जेसी-१२० ऊर्फ जॅझ कोरस हा पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा, स्वच्छ आवाजासाठी आजही आदर्श मानला जाणारा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तर त्याचे वजनही ट्विन रिव्हर्बच्या फारसे मागे नाही. आटोपशीरपणाच्या दिशेने खरे पाऊल टाकले ते कॅलिफोर्नियातील पॉलीटोन या छोट्या कंपनीने. तिचा संस्थापक टॉमी ग्युमिना हा मुळात अ‍ॅकॉर्डियनवादक, म्हणजे आपल्या पेटीच्या पाश्चात्त्य भावंडाचा उपासक, आणि क्लॅरिनेटवादक बडी डिफ्रँको याच्यासोबत जॅझ वाजवलेला कलावंत होता. त्याच्या मिनी-ब्रूट मालिकेतील चौकोनी, मागून बंद असलेल्या खोक्यांतून येणारा गडद, गोलसर, तारस्वरांची धार बोथट केलेला आवाज जो पास, हर्ब एलिस आणि जिम हॉल यांच्या हातून इतका कानांवर पडला की पुढे जॅझ गिटारचा आवाज म्हणजे हाच, असे समीकरण रूढ झाले. जिम हॉल यांचा दृष्टिकोन तर येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण त्यांच्या लेखी अ‍ॅम्प्लिफायर हे मोठ्याने वाजवण्यापेक्षा हळू वाजवण्याचे साधन होते. तारेवरचा हलका आघात ऐकू जाईल याची हमी असली की हाताला जोर लावावा लागत नाही, आणि मग लहान खोका पुरतो.

प्रत्यक्ष वजन घटले ते नव्वदच्या दशकानंतर एकत्र आलेल्या तीन तंत्रांमुळे. त्यांतील पहिले स्विचिंग वीजपुरवठ्याचे. ट्रान्सफॉर्मरमधील लोखंडाचा आकार विजेच्या वारंवारतेच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणून भिंतीतून येणारी सेकंदाला ५० आवर्तनांची वीज आधी एकदिश करून मग काही दहा हजार ते लाखभर आवर्तनांनी तोडली, तर मुठीएवढ्या लोखंडाचे काम सुपारीएवढ्या फेराइटवर भागते. भ्रमणध्वनीचा चार्जर जुन्या एलिमिनेटरपेक्षा हलका असतो तो याच कारणाने. दुसरे तंत्र क्लास-डी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्धनाचे. नेहमीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे काम करतात आणि पुरवलेल्या ऊर्जेतील मोठा वाटा उष्णतेत घालवतात, त्यामुळे ती उष्णता वाहून नेण्यास अ‍ॅल्युमिनियमचे दातेरी ठोकळे बसवावे लागतात. क्लास-डीमध्ये तो नळ एकतर पूर्ण उघडा असतो किंवा पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा उघडमीट होते, उघडे राहण्याचा काळ ध्वनितरंगाप्रमाणे कमी-जास्त केला जातो आणि शेवटी एका गाळणीने ती उघडमीट पुसून टाकली की मूळ ध्वनी मोठा होऊन उरतो. यात सुमारे ९० टक्के ऊर्जा कामी येत असल्याने धातूचे ठोकळे जवळजवळ नाहीसे होतात. तिसरे तंत्र चुंबकाचे: निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी स्वतंत्रपणे शोधले, आणि त्यामुळे स्पीकरच्या पाठीवरची फेराइटची जाड चकती जाऊन तेथे लहानशी डबी आली. गवयाच्या प्रवासातून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने भोपळा वजा केला, त्यासारखेच हे घडले, आणि मूळ साधनाच्या नादाबद्दल जाणकारांची जी कुरकुर तेथे झाली तीच येथेही झाली.

ती कुरकुर सर्वस्वी अनाठायी नाही, कारण एक गोष्ट या तिन्ही तंत्रांच्या आवाक्याबाहेर आहे आणि ती म्हणजे हवा. बॉस्टनशेजारच्या केंब्रिज येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातील तिसरे अक्षर जोसेफ अँटन हॉफमन यांचे. विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा लोहनियम असे सांगतो की लहान खोका, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मिळू शकतात, तिसरी सोडावी लागते. स्पीकरचा शंकू पुढे-मागे हलतो तेव्हा बंद खोक्यातील हवा स्प्रिंगप्रमाणे त्याला अडवते. खोका जितका लहान तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि तिला न जुमानता खर्ज काढायचा तर शंकू जड करावा लागतो व त्याला ढकलण्यास अधिक वॅट ओतावे लागतात. क्लास-डीने वॅट स्वस्त केले, म्हणून आजचे लहान अ‍ॅम्प या त्रिकोणातील तिसरा कोन, म्हणजे कार्यक्षमता, बिनदिक्कत सोडून देतात. त्यामुळे जाहिरातीतील वॅटचा आकडा हा निवडीचा सर्वांत कमी भरवशाचा निकष ठरतो. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. उलट समान शक्तीवर दोन स्पीकरांच्या संवेदनशीलतेतच ८ ते १० डेसिबलचा फरक सहज असू शकतो.

बाजारातील काही नमुने या हिशेबाने पाहिले की त्यांच्यातील मतभेद उघड होतात. जर्मनीतील रेक्लिंगहाउझेन येथील एईआर कंपनीचा कॉम्पॅक्ट ६० हा ६० वॅटचा, ८ इंची स्पीकरचा आणि साडेसहा किलोचा खोका मुळात ध्वनिक गिटारसाठी आहे; तो वाद्याचा आवाज फारसा न रंगवता पुढे पाठवतो, आणि म्हणून पोकळ लाकडी आर्चटॉप गिटार, म्हणजे व्हायोलिनसारखी फुगीर कोरलेली पाठ-पोट असलेली गिटार, वाजवणाऱ्यांना तो रुचतो. कोलोरॅडोतील हेन्रिक्सन या कुटुंबाच्या कंपनीने बड नावाच्या, जेमतेम वीतभर घनाच्या खोक्यात साडेसहा इंची स्पीकर, उच्च स्वरांसाठीचा ट्वीटर आणि १२० वॅट बसवले असून वजन आठ किलोच्या आत ठेवले आहे. इटलीतील डीव्ही मार्कने लिटल जॅझमध्ये अवघे ४५ वॅट आणि ८ इंची स्पीकर सुमारे ७ किलोत दिले, परंतु आवाजाची घडण बंद पाठीच्या त्या जुन्या गडद खोक्यांकडे झुकती ठेवली. फेंडरचा मार्ग सर्वांत वेगळा: २०१९ च्या टोन मास्टर डिलक्स रिव्हर्बमध्ये खोका व १२ इंची स्पीकरचा आकार जुनाच राहिला, व्हॉल्व्हचे वर्तन संगणकीय पद्धतीने उतरवले गेले आणि १९ किलोचा अ‍ॅम्प साडेदहा किलोंच्या आत आला. त्यात मूळच्या २२ वॅट व्हॉल्व्हची जागा घेण्यास १०० वॅटचा क्लास-डी लागला, याचे कारण असे की व्हॉल्व्ह भाराखाली हळूहळू दबतात आणि तो दबाव कानाला सुखावतो, तर क्लास-डीला त्याच्या मर्यादेपासून दूरच ठेवावे लागते. हॉफमनच्या नियमाशी सर्वांत कमी भांडण याच अ‍ॅम्पने घेतले आहे, आणि त्याची किंमत म्हणून मेट्रोच्या गर्दीत त्याची अडचणही सर्वांत जास्त होते.

आर्चटॉपच्या संदर्भात खर्जाची उणीव हा सरसकट दोष मानता येत नाही, हा मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. अशा गिटारची पोकळी आणि तबकडी सेकंदाला शंभर-दोनशे कंपनांच्या टापूत स्वतःहून गुंजते. स्पीकरचा खर्ज त्या पोकळीत शिरला की पुन्हा तारांमार्फत अ‍ॅम्पकडे जातो आणि घुमणारा फीडबॅक सुरू होतो. शिवाय त्रिकुटात वा चौकडीत तो टापू डबल बासचा असतो, आणि गिटारने तेथे गर्दी केली तर दोघांचेही म्हणणे धूसर होते. साडेसहा इंचाचा स्पीकर तेथे आपोआपच नम्र राहतो. पियानोवादकाविना केवळ गायिकेला साथ करणाऱ्या किंवा सातव्या, ५५ कंपनांच्या तारेवर स्वतःच बासची ओळ चालवणाऱ्या वादकाचे मात्र त्याने भागत नाही, त्याला १० किंवा १२ इंची शंकू आणि मोठा खोकाच हवा. खोली हाही अ‍ॅम्पचाच विस्तार समजावा: जमिनीलगत, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेला लहान खोका कित्येक डेसिबल खर्ज फुकट मिळवतो, खुर्चीवर ठेवला की तो खर्ज गमावतो आणि वादकाच्या कानाला स्पष्टता देतो. सभागृह मोठे असेल तेव्हा पाठीमागच्या डीआय जोडणीतून ध्वनी थेट मुख्य ध्वनियंत्रणेकडे देता येतो, आणि अ‍ॅम्प वादकापुरता उरतो. ट्वीटरबद्दल एवढे म्हणणे पुरेसे आहे की नायलॉनच्या तारांना तो हवा आणि चपट्या गुंडाळीच्या पोलादी तारांना तो बहुधा बंदच बरा.

भारतीय वादकाला या यादीत आणखी एक ओळ घालावी लागते. मुंबईच्या हॉटेलांत १९३० च्या दशकापासून गोमंतकीय वादकांनी जॅझ रुजवला आणि आमान्सियो डिसिल्वा हा या शहरात जन्मलेला गिटारवादक पुढे लंडनला जाऊन तेथल्या जॅझमध्ये गणला गेला. त्या काळापासून आजतागायत चांगली साधने बाहेरून येताना सोबत येणाऱ्याच्या सामानातूनच अनेकदा येतात. स्विचिंग पुरवठा असलेले अनेक अ‍ॅम्प १०० ते २४० व्होल्टवर बदल न करता चालतात, पण सगळे नाहीत, आणि अमेरिकेतील ११५-१२० व्होल्टसाठीच बांधलेला खोका येथील २३० व्होल्टला जोडला तर तो क्षणात निकामी होऊ शकतो; म्हणून पाठीवरची पट्टी वाचणे आवाज ऐकण्याइतकेच आवश्यक आहे. दुरुस्तीची बाजूही हलक्या अ‍ॅम्पच्या विरुद्ध जाते. व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प लॅमिंग्टन रोडवरचा एखादा जाणता कारागीर मीटर आणि सोल्डरिंगच्या सळईवर उभा करू शकतो, तर तांदळाच्या दाण्याहून बारीक भाग चिकटवलेले क्लास-डीचे पान बिघडले की बहुतेक वेळा ते पूर्णच बदलावे लागते आणि ते उत्पादकाकडूनच मागवावे लागते. तूर्त तरी वादकांनी हा सौदा पत्करलेला दिसतो. कठीण कवचाच्या पेटीत घातलेली आर्चटॉप सात-आठ किलोंपर्यंत सहज जाते, आणि साडेसहा किलोच्या अ‍ॅम्पशेजारी ठेवली की त्या जोडीत आता जड बाजू गिटारची असते.