जुन्या कपड्यांतून हेअरबँड

बोहारणीला जुने कपडे देण्याआधी त्यांतले सुती टी-शर्ट बाजूला काढावेत. हेअरबँडसाठी होजिअरीसारखा माल नाही. काखेखालची चार इंच रुंद आडवी पट्टी कापावी. हे कापड आडवेच जास्त ताणते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर सुमारे २२ इंच, पट्टी २० इंचच ठेवावी, नाहीतर घसरते. साडी-ओढणीचे कापड उरेब कापून मानेमागे इलॅस्टिक घालावे. दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून शिवल्या की कपाळावर छान गाठ दिसते. स्कार्फखाली वापरायला मात्र साधी सुती पट्टीच द्यावी. सॅटिनवरून स्कार्फ सरकतो. (विरलेले कापड घेऊच नये.) कापड फुकटचे म्हणून भाव पाडू नका, धुणे, इस्त्री, शिलाई यांची मजुरी धरा, आणि कापड जुने आहे हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.