शिट्टी वाजायच्या आत

मी कल्याणजवळच्या शहाडची. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय सुचेना, तेव्हा सरांनी कल्याणमधल्या एका अग्निशमन केंद्रात आठवडाभर जाऊन बसायला सांगितलं. ज्वाळा बघायला मिळतील या आशेनं गेले. पहिली वर्दी आली ती मांज्यात अडकलेल्या घारीची. बोलावणं आलं की ही माणसं ‘वर्दी आली’ म्हणतात आणि हातातला चहा तिथंच ठेवून निघतात.

अग्निशमन दलाच्या इतिहासाला दरवर्षी एप्रिलमध्ये उजाळा मिळतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस पेटला आणि त्याच जहाजातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. एवढं वहीत उतरवलं आणि मी काकांकडे वळले.

पन्नाशीच्या या फायरमनला सगळं केंद्र काका म्हणतं. पाळी सुरू झाली की ते आधी बीए सेट तपासतात. पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर, त्याला जोडलेली नळी आणि चेहऱ्यावरचा मुखवटा, म्हणजे हा सेट. काका वॉल्व्ह उघडतात, काटा ३०० बारवर गेला की बंद करतात आणि नळीतली हवा हळूहळू सोडत काट्यावर नजर ठेवतात. काटा पन्नास-पंचावन्नच्या आसपास आला की सेटची, हवा संपत आल्याची शिट्टी किंचाळते. ती वेळेवर वाजली तरच सेट गाडीत चढतो. दाढीही रोज करायची, कारण खुंट राहिले तर मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि त्या फटीतून धूर शिरतो.

“किती वेळ पुरतं हे?” मी विचारलं.

“तूच काढ. सहा लिटरचा सिलिंडर, तीनशे बार.”

१८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं.

“कागदावर. आता भरलेला होज ओढत तीन मजले चढ.”

६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर होजमध्ये पाणीच सुमारे ४७ किलो असतं. घाबरलेला, धापा टाकणारा माणूस हवा दुपटीनं संपवतो. म्हणून बाहेर एकजण पाटीवर नाव, आत शिरल्याची वेळ आणि दाब लिहून हिशेब ठेवतो. शिट्टी वाजेपर्यंत माणूस बाहेर आलेला असावा, हा काकांचा दंडक. परतीची हवा वेगळी मोजायची.

हा हट्ट कुठून आला, ते काकांनी एका वाक्यात सांगितलं, “विहीर आठवते ना?” १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत विहिरीत उतरलेला माणूस वर आला नाही. त्याला काढायला आणखी दोघं उतरले, मग अग्निशमन दलाचे दोन जवान. विषारी वायूनं पाचही जण गेले. आगीची ठिणगीसुद्धा नव्हती. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो. वास येत नाही, म्हणजे धोका नाही, असं समजून माणूस आणखी एक पायरी उतरतो.

न दिसणाऱ्या वायूचा हा धोका शहाडला तर घराजवळचा. सप्टेंबर २०२३ मध्ये सेंच्युरी रेयॉन या कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले. रेयॉन बनवायला कार्बन डायसल्फाइड लागतो. सुमारे ९० अंश तापलेल्या पृष्ठभागावर तो ठिणगीशिवाय पेटू शकतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमान त्याला पुरतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती जमिनीलगत, गटारातून पसरते. आत काय साठवलंय, हे शिरण्यापूर्वी कळलं नाही तर पाठीवरची हवा असून उपयोग काय?

आणि तिथवर पोहोचायचं कसं? बंब केंद्रातून निघतो आणि शहाडच्या अरुंद पुलावर खोळंबतो. पुढे गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी गाड्या. घरी परतताना पाहिलं, आमच्या गल्लीच्या तोंडाशीही तीच रांग होती, आणि त्यात पहिली स्कूटर माझीच.

ती आता मी आत लावते. वाचणाऱ्यांनीही आपापली गाडी एकदा बघून घ्यावी. आणि विहिरीत, टाकीत कुणी कोसळलं तर मागोमाग उतरू नये. १०१ लावावा आणि काठावर थांबावं.